मास्तरांचा पाव

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाने धाडला, तेव्हा आम्ही तत्काळ होकार दिला. निवृत्त शिक्षकाकडे कोणी काही मागितले की त्याला फार बरे वाटते. विषय मात्र आमचा आम्ही निवडला, आणि निवडल्यापासून मनात धाकधूक आहे. ज्या पानांवर आजवर आम्ही वक्तशीरपणा, वाचनाची गोडी आणि एकदा तर मद्यपानाचे दुष्परिणाम यांवर लिहिले, त्याच पानांवर आज एका तावेर्नात खाल्लेल्या पदार्थाची हकीकत सांगावयाची आहे. पालकांनी अंक मिटून ठेवू नये. आम्ही तेथे कोकमाचे सरबत प्यालो. आमचा भाचा साक्षीला आहे.

त्याचे असे झाले. गेल्या श्रावणात एका रविवारी आम्ही नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनास गेलो होतो. हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचे आराध्यदैवत. १५६० मध्ये पोर्तुगीजांनी तेथील देऊळ पाडले. लिंग भाविकांनी पाणी ओलांडून अलीकडे डिचोली महालात आणले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथल्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. ही हकीकत आम्ही वर्गात इतक्या वेळा सांगितली आहे की, ती सांगताना आता आमचा आवाज आपोआप चढतो. भाच्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मामा, देव जिथून आला ते ठिकाण तुम्ही पाहिलंय का?"

आम्ही पाहिले नव्हते. नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि काही मिनिटांत दिवाडीला लागते. पण बहात्तर वर्षांच्या आयुष्यात ती काही मिनिटे आम्हाला सापडली नव्हती. न सापडण्याला कारण होते, ते पुढे येईलच.

बेटावर उतरलो आणि पावसाने गाठले. दोन्ही बाजूंस भाताची हिरवीगार शेते, मध्ये अरुंद रस्ता, आणि आडोसा म्हणून एकच कौलारू घर. घराला ओटा, ओट्यावर दोन बाके, आणि दारावर पाटी. पाटी वाचून आम्ही पावसातच उभे राहिलो. भाचा म्हणाला, "मामा, भिजण्यापेक्षा बदनामी बरी." आम्ही मागे-पुढे पाहिले. आमचा एखादा माजी विद्यार्थी तर नाही ना? मग मान खाली घालून आत शिरलो.

आत चार मेजे, भिंतीवर क्रूस, फळीवर बाटल्या. कोपऱ्यात दोन वृद्ध गृहस्थ पत्ते खेळत बसले होते. त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पण आम्हाला थांबविले ते वासाने. लसूण, सुकी मिरची, आणि त्याखाली एक आंबूस, उग्र, तरीही ओढ लावणारा वास. हा वास आम्ही पूर्वी कोठेतरी घेतला होता. कोठे, ते काही आठवेना.

मालक सत्तरीकडे झुकलेले होते. गिऱ्हाइके त्यांना 'पात्रांव' म्हणत होती. दारातला फळा पावसाने धुऊन निघाला होता, तो ते नव्याने लिहीत होते. चोरीस पाव, कटलेट पाव, रोस ऑम्लेट अशी नावे त्यांनी भराभर रोमी अक्षरांत लिहिली. मग थांबले. खडूची धार बोटाने नीट केली आणि फळ्यावर डावीकडून उजवीकडे एक लांब, सरळ, आडवी रेघ ओढली. आम्हाला वाटले, यादी संपली. पण नाही, त्या रेघेला त्यांनी एकेक देवनागरी अक्षर टांगावयास सुरुवात केली. म, मग स्त, मग रा.

वाचकहो, देवनागरी लिहिताना आधी अक्षरे काढतात आणि मग त्यांवर शिरोरेषा देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी रेघ आणि मग अक्षरे असे लिहिणारा माणूस आम्ही आयुष्यात एकच पाहिला होता. ते आमचे आठवीचे मास्तर. ते म्हणत, "शिरोरेषा ही वाळत घालायची दांडी आहे, आणि अक्षरे ही धोतरे. दांडी सरळ, तर धोतरे सरळ." सारा वर्ग त्यांच्यासारखे लिही. पुढे अध्यापनाच्या शिक्षणक्रमात आम्हाला ही सवय मोडावी लागली, आणि ती मोडण्यास एक वर्ष लागले.

फळ्यावर आता पूर्ण नाव दिसत होते : 'मास्तराचो पाव'.

"कितें जाय, बाब?" पात्रांवांनी विचारले. आमच्या कपाळावरचे गंध पाहून तेच पुढे म्हणाले, "श्रावण न्हय? मग मास्तराचो पाव खायात."

आता या पदार्थाबद्दल लिहिण्यापूर्वी पावाबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण आजच्या मुलांना पाव ही काही विशेष वस्तू वाटत नाही. आमच्या लहानपणी तसे नव्हते. पाव हा शब्द पोर्तुगीज, तो भाजणाऱ्या पोदेराचे नावही पोर्तुगीज, आणि तो फुगविण्यासाठी यीस्टऐवजी माडाची सूर घालीत. आमची आजी सूर म्हटले की कानांवर हात ठेवी. शिवाय विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा घराघरांत सांगितल्या जात. पोदेर घुंगुरकाठी आपटीत पहाटे येई. पुढे सायकल आणि तिचा भोंगा आला. आजी त्याच्याकडून पाव घेऊ देई, पण पाव उंबऱ्याच्या आत येता कामा नये. पडवीत बसून खावयाचा, चूळ भरावयाची, मग घरात यावयाचे. तिने स्वतः तो कधीही चाखला नाही. मात्र त्याच आजीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मिरची होती, बटाटा होता, काजू होते. आणि ही सारी मंडळी पोर्तुगिजांच्याच गलबतांतून अमेरिकेहून आलेली! त्यांना कोणी उंबऱ्यावर अडविले नाही. हे आम्ही एकदा आजीला सांगून पाहिले. तिने आम्हाला पडवीत पाठविले.

चोरीस पाव हा दिवाडीसारख्या गावांचा खास जिन्नस. डुकराच्या मांसाचे लहान तुकडे मीठ लावून दडपून ठेवतात. सुकी मिरची, लसूण, आले, हळद, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी हा मसाला माडाच्या शिरक्यात वाटून त्यांना चोळतात. मग आतड्यात भरून जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठी मारतात आणि वाळवितात. पावसाळ्यासाठी जो पुरुमेंताचा साठा करावयाचा, त्यात मिठातल्या आंब्यांच्या आणि सुक्या मासळीच्या जोडीला घराघरांत या माळा टांगलेल्या असत. पाऊस कोसळत असताना त्यातले चार मणी तव्यावर फोडावयाचे, भरपूर कांदा घालावयाचा आणि पावात भरून खावयाचे. हे सारे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत आहोत. चोरीस आम्ही कधी खाल्ला नाही, आणि मास्तरांनीही नाही.

आमच्यासमोर जी बशी आली तीत एक पोळी होती. आपली चपाती नव्हे. गव्हाच्या कोंड्यात घोळलेला, आतून पोकळ असा हा गोव्याचा पाव, ज्याला बाहेरचे लोक पोई म्हणतात. एका बाजूने चिरून तिचा खिसा केलेला, आणि खिशात लालभडक तुकडे. पाहताक्षणी तो चोरीसच वाटला, आणि आम्ही बशी दूर सारली. पात्रांव हसले. ते तुकडे नीरफणसाचे होते.

चोरीसासाठी मांसाचे करतात तेवढेच, सुपारीएवढे तुकडे करावयाचे. मीठ लावून ऊन असेल तर उन्हात, नसेल तर चुलीवरच्या शिंकाळ्यात अर्धा दिवस सुकवावयाचे. तोच मसाला त्याच शिरक्यात वाटून त्यात रात्रभर मुरवावयाचे. सकाळी खोबरेल तेलात कांद्याबरोबर परतावयाचे, लाल तेल सुटेपर्यंत. मग पोळी त्याच तव्यावर पालथी घालावयाची, म्हणजे सुटलेले तेल ती पिऊन घेते आणि तिचा कोंडा कुरकुरीत होतो. शेवटी खारातल्या बिंबलाची एक पातळ चकती. नीरफणस बाहेरून कडक आणि आतून लोण्यासारखा झालेला होता. पहिल्या घासाला मिरची लागली, दुसऱ्याला शिरका, आणि मग फणसाचा मऊ गोडवा सावकाश वर आला. भाच्याने तीन खाल्ले. आम्ही किती खाल्ले ते लिहीत नाही.

"हे मास्तर कोण?" आम्ही विचारले. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारण्याची शिक्षकाला सवय असते. पण या वेळी आमचा आवाज नीट निघाला नाही.

पात्रांवांनी सांगितलेली हकीकत अशी. १९६६ सालच्या पावसाळ्यात एका रविवारी पलीकडच्या तीरावरचे एक मास्तर जुन्या देवळाची जागा पाहावयास आले आणि आमच्यासारखेच पावसात सापडले. ते आत आले नाहीत. वळचणीला उभे राहिले. ओट्यावर अकरा वर्षांचा एक मुलगा हिंदीचे पुस्तक घेऊन रडत बसला होता. घरात वडिलांना पोर्तुगीज येत होते, आईला रोमी लिपीतली कोंकणी. शाळेत मात्र आता हिंदी, आणि देवनागरी अक्षर घरात कोणालाच वाचता येत नव्हते. मुलगा दोनदा नापास झालेला. मास्तरांनी पाऊस थांबेपर्यंत त्याला सहा अक्षरे शिकविली. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. मग दर रविवारी येऊ लागले. पैसे घेत नसत. चहाही घेत नसत. तहान लागली तर आडसराचे पाणी पीत.

पण दुपारचा माणूस उपाशी कसा पाठवावयाचा? मुलाच्या आईला ते सोसेना. पाव खाईन, असे मास्तर म्हणाले. मसाल्याचा वास चांगला आहे, असेही म्हणाले. फक्त मांस तेवढे नको. तेव्हा त्या माउलीने घरामागच्या झाडाचा नीरफणस काढला आणि चोरीसाचे सारे संस्कार त्याच्यावर केले. नीरफणसाचे दिवस सरले की सुरण घाली. आणि तवा वेगळा. तो लोखंडी तवा आजही भिंतीवर स्वतंत्र खिळ्याला टांगलेला आहे. त्यावर दुसरे काही शिजत नाही. पात्रांवांनी तो काढून आम्हाला हातात दिला. दांडा दोनदा बदलला, एवढेच.

"आणि एक पाव आई केळीच्या पानात बांधून त्यांच्या कोटाच्या खिशात घाली," पात्रांव म्हणाले. "एकटे राहत होते ना. रात्री कुठे चूल पेटवणार?"

तेव्हा आम्हाला तो वास आठवला.

सोमवारी सकाळी आमच्या वर्गात मास्तर आले की त्यांच्या बंद गळ्याच्या कोटाला आंबूस वास येई. तो माडाच्या शिरक्याचा वास होता. आम्हाला तेव्हा तो दुसऱ्याच कशाचा तरी वाटला. आणि आमच्या वर्गातल्या एका मुलाचा चुलता होडीवर कामाला होता, त्याने मास्तरांना दिवाडीच्या तावेर्नात शिरताना पाहिले होते. एवढा पुरावा तेरा वर्षांच्या मुलांना पुष्कळ होतो. त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांनाही तो पुरला.

त्यात दिवस मतदानाचे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी व्हावयाचा होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे दोन पाने. निकाल सर्वांस ठाऊक आहे. ३४,०२१ मतांनी पाने जिंकली. पण त्या डिसेंबरात घराघरांत फूल आणि पाने यांखेरीज विषय नव्हता, आणि आमच्या तीरावरचा मराठी शाळेचा मास्तर दर रविवारी पानांच्या गावी जातो, याचा अर्थ काय लावावयाचा? काही म्हणाले, पितो. काही म्हणाले, फितला. दोन्ही म्हणणारेही होते. दिवाडीलाही लोक स्वस्थ नव्हते. फुलाचा माणूस घरात का घेतोस, असे पात्रांवांच्या वडिलांना विचारीत. ते उत्तर देत, "तो माझ्याकडे मत मागत नाही, माझ्या पोराकडे शुद्धलेखन मागतो."

आमच्याकडे असे उत्तर देणारा कोणी निघाला नाही.

ती शाळा म्हणजे ही शाळा नव्हे. ती डिचोली महालातली दुसरी, लहानशी. एका सोमवारी प्रार्थनेपूर्वी त्या शाळेच्या आठवीच्या फळ्यावर एक चित्र निघाले. चित्रात बाटली, बाटलीच्या तोंडातून उगवलेली दोन पाने, आणि खाली अक्षरे : 'मास्तरांची दारु'. चित्राची कल्पना तिघांची होती. खडू आमच्या हातात होता.

मास्तर आले. फळ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. आम्ही पहिल्या बाकावर होतो, आमच्या कानांत घण पडत होते. त्यांनी खडू उचलला आणि ऱ्हस्व उकार दीर्घ केला. "दारू," ते म्हणाले, "शेवटचा उकार दीर्घ. वाळू, लाडू, काजू, विंचू. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतले. मग ते पुन्हा फळ्याकडे वळले. "शिरोरेषा आधी ओढलेली आहे," ते म्हणाले. "म्हणजे हा माझाच विद्यार्थी." एवढे बोलून त्यांनी फळा पुसला आणि भूमिती शिकविण्यास प्रारंभ केला.

त्यांनी चौकशी केली नाही. मोठ्या माणसांनी केली. फळ्याची नव्हे, मास्तरांची. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवीला दुसरे शिक्षक होते. मास्तर सत्तरीत कोठेतरी गेल्याचे समजले. पात्रांवांनाही त्यांनी तेवढेच सांगितले होते. मुलगा त्या वर्षी हिंदीत पास झाला, हे मात्र त्यांना कळले होते. प्रगतिपुस्तक त्यांनीच वाचून दाखविले.

पुढे आम्हीही शिक्षक झालो. या शाळेत अठ्ठावीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलो. आमच्याबद्दल मुलांनी फळ्यावर काय काय लिहिले ते सांगण्याजोगे नाही, पण प्रत्येक वेळी आम्ही आधी शिरोरेषेकडे पाहिले. सत्तरी काही दूर नाही. शोधले असते तर मास्तर सापडले असते. आम्ही शोधले नाहीत, आणि दिवाडीची फेरीबोट कधी धरली नाही.

"तुमी तांकां वळखतात?" पात्रांवांनी विचारले.

"आम्ही त्यांचे विद्यार्थी," आम्ही म्हणालो.

त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि खडू पुढे केला. "बरयात पळोवया."

आम्ही उठून फळ्याशी गेलो. सवय मोडून पन्नास वर्षे झाली होती. पण खडू टेकला आणि हात आपोआप डावीकडून उजवीकडे गेला. रेघ सरळ आली. काय लिहावे ते सुचेना, म्हणून 'पाव' असे लिहिले. पात्रांव लहान मुलासारखे टाळी वाजवून हसले. कोपऱ्यातल्या वृद्धांना त्यांनी हाका मारून सांगितले, मास्तरांचा विद्यार्थी आला आहे, माझ्यासारखाच. पत्ते खाली ठेवून ते दोघे उठले आणि त्यांनी आमचा हात हातात घेतला.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. आम्ही पुष्कळ आग्रह केला. मास्तरांच्या माणसाकडून या घरात पैसे घेत नाहीत, असे ते म्हणाले. वर केळीच्या पानात बांधलेला एक पाव आमच्या झब्ब्याच्या खिशात घातला. या पावाला आता लांबलांबून गिऱ्हाईक येते. श्रावणात हिंदू येतात, आणि ख्रिस्ती लोकांचा कोरेज्माचा उपवासकाळ आला की त्यांच्याकडूनही मागणी वाढते. ज्याने कोणी मास्तर म्हणजे कोण असे विचारले, त्याला पात्रांव ही सारी हकीकत सांगतात, तवा हातात देतात. त्यांच्या हकीकतीत होडी आहे, पाऊस आहे, सहा अक्षरे आहेत. फळ्याचा भाग नाही, कारण मास्तरांनी तो त्यांना सांगितला नव्हता.

आम्हीही सांगितला नाही. सांगावयास तोंड उघडले होते, पण समोरचा माणूस आनंदाने खिशात पाव घालीत होता. फेरीबोटीवर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही एवढे गप्प का?" आम्ही म्हणालो, तिखट लागले.

घरी आल्यावर तो पाव आम्ही पडवीत बसून खाल्ला. झब्ब्याला दोन दिवस वास येत होता.

अंक छापून आला की एक प्रत आम्हाला अधिक मिळावी, अशी संपादक मंडळास विनंती आहे. ती दिवाडीला नेऊन द्यावयाची आहे. पात्रांवांना देवनागरी चांगली वाचता येते.